आधी झिरो

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालून तपासायच्या खोलीत, पहिल्या दोन महिन्यांत मला कोणी त्या नळीला, कॅथेटरला, हात लावू दिला नाही. माझ्याकडे एकच काम होतं, झिरो करायचं.

टेबलाच्या कडेच्या दांड्यावर काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक प्लास्टिकची डबी बांधलेली असते. तिला ट्रान्सड्यूसर म्हणतात. हृदयात गेलेल्या नळीतला दाब नळीतल्या सलाइनमधून या डबीपर्यंत येतो, डबी त्याचा विजेचा संदेश करते आणि मॉनिटरवर रेघ वरखाली होऊ लागते. पण डबी जिथे बांधाल तिथून मोजते. पेशंटचं हृदय कुठल्या उंचीवर आहे हे तिला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक केसच्या आधी ती पेशंटच्या छातीच्या मध्यावर आणायची, म्हणजे खाली गादी आणि वर छातीचं हाड, दोन्हींपासून सारख्या अंतरावर. नळीत बुडबुडा राहिला नाही ना, हे दोनदा बघायचं. थ्री-वेचा नळ हवेकडे उघडायचा आणि बटण दाबायचं. रेघ खाली उतरून सपाट झाली की मोठ्याने सांगायचं, "सर, झिरो झालं." मग नळ पेशंटकडे फिरवायचा. त्यानंतर मॉनिटरवर जो आकडा येईल त्यावर डॉक्टर विश्वास ठेवणार.

मला हे शिकवणाऱ्या सीनियर टेक्निशियनना आम्ही सगळे दादा म्हणायचो. भंडाऱ्याकडचे. बोलणं कमी, पण जे बोलतील ते डोक्यात बसायचं. डबी दहा सेंटिमीटर खाली राहिली, तर दाब सात मिलिमीटरने जास्त दिसतो. दहा सेंटिमीटर वर गेली, तर तेवढाच कमी. "पेशंटले आजार नसला तरी तू तयार करशील," दादा म्हणाले होते. "आधी झिरो कर, मंग मोज."

ही गोष्ट १९९८ ची. मी कळमेश्वरचा. घरी संत्र्याची बाग, मोठा भाऊ बागेत. माझ्या वयाची पोरं आयटीआय करून एमआयडीसीत लागायच्या मागे होती. मी एका मास्तरांच्या सांगण्यावरून एक्स-रेचा डिप्लोमा केला आणि नागपूरच्या एका दवाखान्यात चिकटलो. पहाटेची गाडी पकडायची, गोधनी गेलं की डबा कुशीत धरून उठायचं आणि नागपूरला उतरायचं. संध्याकाळी त्याच लाइनने परत. दोन वर्षं असं केलं. पुढे ऑन-कॉल ड्यूटी लागली. रात्री फोन आला की अर्ध्या तासात टेबलापाशी हजर व्हायचं, म्हणून नागपुरात खोली केली. कळमेश्वर रविवारपुरतं उरलं.

त्या काळी अँजिओग्राफी जांघेतून व्हायची. काम आटोपलं की पेशंटच्या मांडीवर वाळूची पिशवी ठेवून त्याला सहा तास पाय सरळ ठेवून झोपवायचे. चित्रं ३५ मिलिमीटरच्या सिने फिल्मवर यायची, सिनेमाच्या रिळासारखीच. ती अंधाऱ्या खोलीत धुवायची, वाळवायची आणि मग प्रोजेक्टरवर डॉक्टरांना दाखवायची. रीळ नीट धुतलं गेलं नाही, तर पेशंटची सगळी तपासणी पाण्यात. पुढे सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, आता मोबाइलवर पाठवतात. रस्ताही बदलला. कॅनडाच्या लुसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये मनगटाच्या धमनीतून अँजिओग्राफी करता येते हे दाखवून दिलं. आमच्याकडे ती पद्धत रुळायला बरीच वर्षं गेली. आता माणूस मनगटाला पट्टा बांधून चालत वॉर्डात जातो आणि चहा मागतो.

सामान मात्र इतकं साधं आहे, की पहिल्यांदा बघणाऱ्याला आश्चर्य वाटतं. मनगटात जाणारी बाहेरची नळी, म्हणजे शीथ, साधारण सहा फ्रेंचची. तीन फ्रेंचचा एक मिलिमीटर होतो, तेव्हा आतून जाणाऱ्या कॅथेटरची जाडी जास्तीत जास्त दोन मिलिमीटर. अँजिओप्लास्टीची तार ०.०१४ इंचाची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती ब्लॉकच्या पलीकडे गेली की तिच्यावरून बलून जातो आणि बलूनवर बसवलेला स्टेंट जातो. बलून फुगवायचा पंप हातात धरून डॉक्टर दाब वाढवत जातात, आम्ही सेकंद मोजतो. बारा ॲटमॉस्फिअर, चौदा ॲटमॉस्फिअर. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवेचा जेवढा दाब असतो त्याच्या पाच-सहा पट दाब, तोही तीन मिलिमीटरच्या नळीत. अंगावर शिशाचा पाच-सहा किलोचा ॲप्रन, गळ्यात शिशाचा पट्टा, खिशाला रेडिएशन मोजणारा बॅज. पंचवीस वर्षं हे अंगावर वागवल्यावर कंबर बोलायला लागते.

रात्रीच्या ड्यूटीत केस नसली की दादा गोष्टी सांगायचे. त्यातली जर्मनीच्या वेर्नर फोर्समान यांची त्यांची लाडकी. १९२९ साल, एबर्सवाल्डे गावचा छोटा दवाखाना, डॉक्टर पंचविशीतला. साहेबाने परवानगी नाकारली होती. या पठ्ठ्याने स्वतःच्या हाताची शीर उघडली, नळी आत ढकलत नेली आणि ती तशीच लटकत असताना जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला. फोटोत नळीचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसलं. शाबासकी कसली, पुढे त्याला हृदयाचं काम सोडून मूत्ररोगांकडे वळावं लागलं. १९५६ मध्ये त्याला दोघा अमेरिकी संशोधकांबरोबर नोबेल मिळालं. गोष्ट संपली की दादा विचारायचे, "आता सांग, त्या दिवशी सगळ्यात मोठं काम कोणाचं?" आम्ही म्हणायचो, फोर्समानचं. "एक्स-रे काढणाऱ्याचं," दादा म्हणायचे. "फोटो नसता तर कोण मानलं असतं?"

कॅथेटर म्हणजे स्टेंट, असं आता लोकांच्या डोक्यात बसलंय. मुळात ते मोजायचं साधन. कुठल्या कप्प्यात दाब किती, रक्तात प्राणवायू किती, झडप किती उघडते, हे आतून जाऊन बघायचं. आता यातलं बरंचसं इकोवर बाहेरूनच कळतं. पण काही केसेसमध्ये अजूनही मॉनिटरवरच्या रेघाच शेवटचं सांगतात.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षीची एक केस मला अजून तशीच दिसते. पारशिवनीकडची एक बाई, बावीसेक वर्षांची. सहा महिन्यांचं लेकरू सासूच्या कडेवर ठेवून आत आलेली. दोन पायऱ्या चढली की धाप. रात्री आडवं झालं की खोकला, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. लहानपणी घसा धरून ताप आला होता, सांधे सुजले होते, त्यावर कोणी नीट औषध दिलं नव्हतं. त्या तापाने हृदयाची एक झडप आखडून तिचं तोंड अगदी बारीक उरलं होतं. विदर्भातल्या खेड्यांतून अशा बाया तेव्हा सारख्या यायच्या. आता कमी झाल्या, पण थांबलेल्या नाहीत.

तिची झडप बलूनने उघडायची होती. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत काढली, तोवर यासाठी छाती उघडावी लागायची. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या बाजूला न्यायची, मधल्या पडद्याला सुईने बारीक भोक पाडून डावीकडे शिरायचं आणि झडपेच्या तोंडात डमरूसारखा बलून फुगवायचा. त्याआधी दोन डब्या लागतात. एक झडपेच्या अलीकडचा दाब मोजते, दुसरी पलीकडचा. दोन रेघा मॉनिटरवर एकमेकींवर येतात आणि त्यांच्यात जेवढं अंतर, तेवढी झडप बंद.

मी झिरो केलं. डॉक्टरांनी सुई घालण्याआधी टेबल थोडं वर घेतलं. एक डबी टेबलाबरोबर वर गेली. दुसरी सलाइनच्या स्टँडला बांधलेली होती, ती तिथेच राहिली. माझ्या लक्षात आलं नाही. आकडा आला तेव्हा डॉक्टर थांबले. इको एक सांगत होता, मॉनिटर भलतंच. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "झिरो परत घे." मी खाली वाकून बघितलं आणि माझे कान तापले. डबी वीतभर खाली होती. बाईच्या हृदयात नसलेला दाब मी तिच्या नावावर लिहिला होता.

डबी वर बांधली, पुन्हा झिरो केलं. मग बलून गेला. एकदा फुगवला, सोडला. दुसऱ्यांदा जरा मोठा फुगवला. सगळ्यांचे डोळे दोन रेघांवर. आधी त्यांच्यामधली जागा करवंदाच्या पानाएवढी रुंद होती. दुसऱ्या फुगवण्यानंतर वरची रेघ खाली आली आणि खालचीला चिकटली. सरासरी अंतर सोळावरून चारवर. टेबलावरची बाई पूर्ण शुद्धीत होती. तिने लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "मोकळं वाटून राह्यलं जी." मॉनिटर न बघता. त्या रात्री ती आडवी होऊन झोपली, असं वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं. जाताना तिला दर एकवीस दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. ते तिने किती वर्षं घेतलं, ते मला कधी कळलं नाही. आमच्या खोलीत माणूस तासभर असतो. आधीची आणि नंतरची गोष्ट आम्हाला दिसत नाही.

ती गोष्ट मला कळमेश्वरच्या ओट्यावर दिसू लागली.

कोणाच्या घरात कोणी दवाखान्यात लागलं की गावभर होतं. मी हार्टच्या दवाखान्यात आहे हे कळल्यापासून रविवारी आमच्या ओट्यावर माणसं यायला लागली. कोणाच्या हातात सीडी, कोणाच्या हातात फाइल, कोणाच्या फोनवर काळे-पांढरे व्हिडिओ. मी डॉक्टर नाही, हे पहिलं वाक्य. ते ऐकून सगळे मान हलवायचे आणि दुसऱ्या वाक्याला विचारायचे, "तरी पण, किती टक्के हाय?"

टक्के. हा शब्द आमच्या गल्लीत बाजारभावासारखा फिरतो. यांचं नव्वद, त्यांचं सत्तर. नव्वदवाला सत्तरवाल्याकडे वडीलधाऱ्यासारखा बघतो. खरं म्हणजे तो आकडा बहुतेक वेळा डोळ्यांनी काढलेला अंदाज असतो. तीच फिल्म दोन डॉक्टरांना दाखवली, तर एक सत्तर म्हणेल, दुसरा पंच्याऐंशी. म्हणूनच आता शंका आली की दाब मोजणारी बारीक तार ब्लॉकच्या पलीकडे नेतात आणि अलीकडच्या-पलीकडच्या दाबाचं प्रमाण काढतात. ते ०.८० च्या वर असलं, तर बहुतेक वेळा तिथे स्टेंटची गरज नसते. त्या तारेलाही आधी झिरो करावं लागतं. मी हे ओट्यावर सांगायचो, पण लोकांच्या मनात शेजाऱ्याच्या स्टेंटचा आकडा आधीच बसलेला असायचा. त्याच्या पुढेमागेच सगळं मोजलं जायचं.

किती तरी जण उलट्या टोकाला असायचे. चालताना छाती भरते, बसलं की थांबते, वर्षभर असंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तर घरचे म्हणतात स्टेंट टाकून मोकळे का करत नाहीत? अशांना मी पुढे एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगू लागलो. इस्केमिया नावाचा, ३७ देशांतल्या ५,१७९ पेशंटांचा, २०२० मध्ये छापून आलेला. ज्यांचा आजार स्थिर आहे, त्यांच्यात सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. छातीचं दुखणं मात्र ज्यांना होतं त्यांना जास्त आराम पडला. त्या अभ्यासात मुख्य डाव्या धमनीला मोठा ब्लॉक असलेले पेशंट धरले नव्हते, हेही सांगायचो. स्टेंट जीव वाचवतो तो मुख्यतः अटॅकच्या चालू तासांत. तेव्हा त्याच्यासारखं दुसरं काही नाही. एरवी तो सर्वांसाठी नसतो.

पैशाचं गणितही ओट्यावरच ऐकलं. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला पूर्वी लाखाच्या वर पैसे लागायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने किंमत बांधून दिली. लेपवाल्याला २९,६०० रुपये, साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६०, कर वेगळा. त्याआधी २०१२ पासून राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली होती. तिचंच नाव पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलं की अँजिओप्लास्टी बिनपैशाची व्हायची. बाग विकायची वेळ आलेली घरं या कार्डाने वाचलेली मी बघितली आहेत. आणि "कार्ड घरी राह्यलं जी" म्हणत योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी रडकुंडीला आलेली पोरंही. म्हणून ओट्यावर माझा एक ठरलेला सल्ला असायचा. रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत घालून दाराच्या मागच्या खिळ्याला टांगून ठेवा.

दुसरा सल्ला गॅसबद्दल. आमच्या टेबलावर अटॅक घेऊन आलेल्या माणसाला विचारा, दुखणं कधी सुरू झालं? तो सांगेल रात्री आठला. मग इथे दोनला कसे? "गॅस वाटला जी." सोडा घेतला, ओवा खाल्ला, शेकलं, शेजाऱ्याने पाठ चोळून दिली. तेवढ्यात सहा तास गेले. कळमेश्वरहून काटोल रोडने नागपूर तासाभराचं सुद्धा नाही. आत नळी मनगटातून हृदयापर्यंत जायला दोन-तीन मिनिटं लागतात. सहा तास खर्च झाले ते खाटेपासून उंबरठ्यापर्यंत. मी हे सांगताना हसायचो. लोकही हसायचे. "आपल्या लोकांचं असंच हाय," असं म्हणून उठायचे.

सात वर्षांपूर्वीचा मे. नवतपा चालू होता. पारा पंचेचाळीसच्या वर. मी नागपुरात ड्यूटीवर, एक केस संपून दुसरी टेबलावर चढत होती. दहाच्या सुमाराला भावाचा फोन.

"मायले बरं नाई वाटून राह्यलं रे. उलटी झाली एक. घाम लय येऊन राह्यला."

"बाहेर गेली होती का?"

"सकाळी बागेत येऊन गेली. पाणी सोडलं का पाहाले."

"छातीत दुखते का?"

"नाई म्हणते. खांदे भरून आले म्हणते. अंग गळून राह्यलं म्हणते."

मी म्हणालो, "ऊन लागलं असंल. पन्हं दे, ओल्या फडक्याने पुस, कूलरपुढे झोपव. संध्याकाळी फोन करतो."

आणि फोन ठेवून मी आत गेलो, पुढच्या पेशंटची डबी छातीच्या मध्यावर बांधली आणि म्हणालो, "सर, झिरो झालं."

माय अडुसष्ट वर्षांची. बारा वर्षांपासून शुगर. शुगरच्या माणसाला, त्यातही बाईमाणसाला, अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. थकवा, घाम, मळमळ, खांद्यात-जबड्यात-पाठीत जडपणा, एवढंच असू शकतं. हे मी पंधरा वर्षं ओट्यावर सांगत आलो होतो. पण मे महिना होता, ऊन होतं, ती बागेत गेली होती, आणि भावाने "छातीत नाई" म्हटलं होतं. उत्तर माझ्या डोक्यात आधीच बांधलेलं होतं. मी त्याच्यापासून मोजायला सुरुवात केली.

दीडला पुन्हा फोन आला. आवाज बदललेला. "उठून बसता येत नाई तिले. डोळ्यापुढे अंधारी येते म्हणते. नाडी हळू लागून राह्यली." भावाला नाडी बघता येते. बैलांची बघतो, माणसांचीही. मी विचारलं, किती? त्याने घड्याळ लावून मोजली. चव्वेचाळीस.

ग्रामीण रुग्णालय आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. वहिनीने पदराने वारा घालत तिला ऑटोत धरलं. तिथल्या डॉक्टरने पाच मिनिटांत ईसीजी काढला. भावाने तो माझ्या फोनवर पाठवला. मला अजून तो कागद लख्ख दिसतो. खालच्या तीन लीड, दोन, तीन आणि एव्हीएफ. तिन्हींत रेघ वर उचललेली, जशी मी हजार वेळा बघितली होती. हृदयाची खालची भिंत. तिथल्या डॉक्टरने ॲस्पिरिन चघळायला दिली, रक्त पातळ ठेवायच्या बाकीच्या गोळ्या दिल्या, सलाइन लावलं आणि १०८ बोलावली. मी आमच्या डॉक्टरांना कागद दाखवला. ते एवढंच म्हणाले, "लॅब रिकामी ठेवतो. आणि तू आत यायचं नाही."

तेव्हा मी पहिल्यांदा बाकावर बसलो.

वीस वर्षं मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होतो. दारावरचा लाल दिवा लागतो हे मला माहीत होतं, पण तो बाहेरून कसा दिसतो ते नाही. बाक लोखंडी, भिंतीला टेकलं की पाठीला थंडी. शेजारी कोणाची तरी दोन माणसं डब्यातली पोळी न खाता हातात धरून बसलेली. आतून बीप ऐकू येत नाही. पायांचे आवाज येतात, आणि दार उघडून कोणी बाहेर आलं की सगळ्या बाकाची मान एकदम वर होते. मी आतून बाहेर सामान घ्यायला येताना त्या मानांकडे कधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं, आपण घाईत आहोत.

आत काय चाललंय हे मला मिनिटामिनिटाला कळत होतं, आणि तेच वाईट होतं. आता शीथ. आता तात्पुरता पेसमेकर, नाडी चव्वेचाळीस म्हणजे जांघेतून तो टाकणारच. आता उजव्या धमनीत डाय. आता तार. तार पलीकडे गेली की कधी कधी रक्त एकदम सुटतं आणि नाडी, बीपी दोन्ही कोसळतात. त्या वेळी आत कोण पळतं, कुठलं इंजेक्शन कोण भरतं, डिफिब्रिलेटरचा ट्रे कोणाच्या हाताशी असतो, हे मला पाठ. त्या ठिकाणी माझी जागा असते. तिथे आज माझा शिकाऊ पोरगा उभा होता. त्याला झिरो मीच शिकवलं होतं.

भावाने विचारलं, "किती टाइम लागते?"

"चाळीस मिनिटं," मी म्हणालो. मी हा आकडा हजारो लोकांना सांगितला असेल.

चाळीस नाही, पंचावन्न लागली. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "धमनी उघडली. एक स्टेंट. माय बोलतेय." मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "सुरू किती वाजता झालं होतं?"

मी म्हणालो, "साडेनऊला." तेव्हा दुपारचे पाच वाजत आले होते. ते काही बोलले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्या सात तासांतले किती तास माझे, हे गणित अवघड नव्हतं. पहिला फोन दहाला आला होता. त्या वेळी मी नुसतं "ईसीजी काढा" म्हणालो असतो, तर माय दुपारी बारापर्यंत टेबलावर आली असती.

आयसीयूत मला ओळखून ती म्हणाली, "काहून रडून राह्यला बाप्पा? ऊनच लागलं होतं ना?"

मी काही उत्तर दिलं नाही. नंतर सांगितलं, महिन्याभराने, ओट्यावर. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "तू दूर होता. तुले काय दिसत होतं?" तिने मला सोडलं. पण नेमकं तेच तर होतं. दूर असल्यावर जे दिसत नाही, ते दिसल्यासारखं मी बोललो. पारशिवनीच्या बाईच्या वेळी डबी वीतभर खाली राहिली, तेव्हा मी निदान टेबल वर गेलेलं बघितलं नव्हतं. या वेळी मी तर सगळं ऐकलं होतं. घाम, उलटी, खांदे, शुगर. सगळे आकडे समोर होते आणि मी ते "ऊन" या एका शब्दाच्या उंचीवरून मोजले.

तेव्हापासून ओट्यावरचं माझं बोलणं बदललं. आधी मी समजवायचो, आता विचारतो. गॅसवाल्याला हसत नाही. ज्याला वाटतं गॅस आहे, त्याला त्या घडीला खरंच गॅस वाटत असतो. त्याच्या ठिकाणी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं, आणि एकदा वाटलंच होतं. फोनवर कोणी काहीही सांगितलं, तरी मी निदान सांगत नाही. मी तीन गोष्टी सांगतो, आणि शक्यतो त्याच शब्दांत.

कमरेच्या वर काहीही नवीन दुखलं, भरलं, जड झालं, किंवा कारण नसताना घाम फुटला आणि जीव घाबरला, आणि ते पंधरा-वीस मिनिटांत गेलं नाही, तर कारण शोधू नका. ऊन, गॅस, जागरण, टेन्शन, कष्ट, हे सगळं नंतर ठरवता येतं. आधी ईसीजी. १०८ लावा किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नका.

पहिला ईसीजी बरा आला आणि त्रास चालू आहे, तर तिथून उठून घरी येऊ नका. अर्ध्या तासाने दुसरा काढायला सांगा. सुरुवातीच्या ईसीजीत काही न दिसलेले अटॅक मी डोळ्यांनी बघितले आहेत.

आणि शुगरवाला असेल, साठीच्या पुढचा असेल, बाईमाणूस असेल, तर "छातीत दुखत नाई" हे ऐकून थांबू नका.

दादा निवृत्त होऊन भंडाऱ्याला गेले. त्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोराले शिकव." मी शिकवतो. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिले दोन महिने त्याला कॅथेटरला हात लावू देत नाही.

माय आता पंचाहत्तरची आहे. तिच्या हृदयाचा जोर इकोवर चाळीस टक्के येतो. निरोगी माणसाचा साठच्या आसपास असतो. गोळ्या वेळेवर घेते, बागेत सावलीच्या बाजूने जाते. आषाढात धापेवाड्याच्या यात्रेला ती दरवर्षी कळमेश्वरहून पायी जायची. आता भाऊ गाडीवर नेतो, आणि देवळाच्या पायऱ्यांपाशी ती दोनदा थांबते.